तंजावरचे रुमाल कोण सोडणार?

तंजावरला जाऊन आलेला मराठी प्रवासी परतल्यावर दोन गोष्टी आवर्जून सांगतो. बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख आपण डोळ्यांनी पाहिला, ही पहिली. भोसल्यांच्या राजवाड्यात सरस्वती महाल नावाचे ग्रंथालय आहे आणि त्यात मराठीची हजारो हस्तलिखिते आहेत, ही दुसरी. त्यापाठोपाठ, बहुतेक वेळा आवाज थोडा चढवून, तिसरे वाक्य येते: हे सगळे खरे तर महाराष्ट्रात आणायला हवे. हे वाक्य मी सभांमध्ये, लेखांच्या शेवटी आणि स्नेह्यांच्या गप्पांत अनेक वर्षे ऐकत आलो आहे. त्यामागची आपुलकी खोटी नाही. पण मागणी चुकीची आहे, आणि तिच्या नादात जी मागणी खरोखर करायला हवी ती करायची राहून जाते, असे माझे मत आहे. तंजावरचा संग्रह कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न इतिहासाने केव्हाच निकालात काढला आहे. तो वाचणार कोण, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेले कापडी रुमाल सोडणार कोण, हा प्रश्न मात्र तसाच पडून आहे, आणि मराठी कागदांपुरते त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी महाराष्ट्राची आहे.

हा संग्रह एका घराण्याने शून्यातून उभा केला असे नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. राजवाड्याची मूळ वास्तू नायक राजांच्या काळातली. रघुनाथ नायक आणि विजयराघव नायक हे स्वतः तेलुगूत लिहिणारे, कवी-पंडितांना पोसणारे राजे होते, आणि त्यांच्या पदरी ‘सरस्वती भांडार’ या नावाने ग्रंथसंग्रह होता. नायकांची सत्ता १६७३ मध्ये संपली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे, जे तिकडे एकोजी म्हणून ओळखले जातात, विजापूरच्या फौजेसह दक्षिणेत असताना तंजावरचे धनी झाले. नव्या धन्याने जुने भांडार फेकून दिले नाही, त्यातल्या पंडितांना हाकलले नाही, आणि दरबारची तेलुगूही बंद पाडली नाही. सत्ता बदलली की आधीच्यांची दप्तरे जाळायची, हा प्रकार जगात सर्रास घडलेला असताना तंजावरात तसे घडले नाही, याचे मोल मला फार वाटते.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. त्यांनी विद्वानांना अग्रहार, म्हणजे वस्तीसाठी इनाम गाव, दिला, स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली, आणि ‘पंचभाषाविलास’ या नावाच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ मध्ये सांगलीला झालेल्या विष्णुदास भावे यांच्या प्रयोगापासून मोजतो. रंगभूमीची अखंड परंपरा तिथून सुरू झाली, हे खरेच आहे. परंतु त्याआधी किमान सव्वाशे वर्षे तंजावरच्या राजवाड्यात ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ यासारखी मराठी नाटके लिहिली जात होती, ही गोष्ट शालेय पुस्तकांत एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. ती नाटके आज आपल्याला माहीत आहेत ती केवळ राजवाड्यातल्या संग्रहात त्यांच्या पोथ्या टिकल्या म्हणून.

संग्रहाला खरे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजी राजांनी. १७७७ साली जन्मलेल्या या मुलाला तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, दत्तक घेतले. पण गादीवर तुळजाजींचे बंधू अमरसिंह बसले, आणि सरफोजींचे लहानपण काही काळ श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली, काही काळ मद्रासेत गेले. इंग्रजी भाषा, युरोपीय गणित, भूगोल यांची गोडी त्यांना तिथे लागली. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना एकविसाव्या वर्षी गादीवर बसवले, आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, तह करून राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजांकडे उरले ते राजवाडा, तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

या तहाकडे आपण सहसा मानहानी म्हणून पाहतो, आणि ती मानहानी होतीच. मात्र ग्रंथालयाच्या बाजूने पाहिले तर त्याचा एक परिणाम विचार करायला लावणारा आहे. ज्याच्याकडे फौज उरली नाही, न्याय-निवाडा उरला नाही, महसुलाची कटकट उरली नाही, अशा एका बुद्धिमान तरुणाकडे पैसा होता, वेळ होता आणि एक जुने भांडार होते. पुढची तेहतीस वर्षे, १८३२ मध्ये मरण येईपर्यंत, त्याने तो पैसा आणि तो वेळ पुस्तकांवर खर्च केला. त्या काळी अशाच नेमणुकीवर जगलेले कितीतरी संस्थानिक शिकार, मेजवान्या आणि कर्ज यांत बुडाले. सरफोजींची थोरवी त्यांच्या वंशात नव्हती. हाती आलेल्या रिकाम्या वेळाचे त्यांनी काय केले, त्यात ती होती.

१८२० मध्ये निघालेल्या काशीयात्रेत त्यांनी संस्कृत पोथ्या मोठ्या प्रमाणावर विकत घेतल्या आणि नकलून घेतल्या. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतली छापील पुस्तके त्यांनी युरोपातून मागवली, आणि त्यांवर स्वतःची इंग्रजी सही केली. राजवाड्यात ‘धन्वंतरी महाल’ उघडून तिथे देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी-शेजारी चालवले. सरफोजींच्या काळातल्या नेत्ररुग्णांचे केसपेपर आजही ग्रंथालयात आहेत. त्यांवर आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत आणि जोडीला उपचारांच्या नोंदी आहेत. डोळ्यावर पडलेला पडदा, बुबुळाभोवतीची लाली, पापणीची सूज, असे सगळे चितारी बसवून काढून घेतलेले. ही चित्रे अनेक पिढ्या तिथेच होती. त्यांचे महत्त्व जगाला कळले ते आपल्या काळातल्या नेत्रतज्ज्ञांनी ती त्यांच्या नजरेने वाचली तेव्हा. हे उदाहरण मी मुद्दाम देतो आहे, कारण पुढे जे म्हणायचे आहे त्याचा गाभा त्यातच आहे.

तंजावरात १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना निघाला आणि १८०६ मध्ये त्यात इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर छापले गेले. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने छापलेल्या मराठी व्याकरणानंतर एका वर्षाच्या आत मराठीचे एक आरंभीचे छापील पुस्तक कावेरीच्या काठी तयार होत होते, तेही पेशवाई अजून उभी असताना. त्याहून मला जास्त मोहवते ते सरफोजींच्या नावावरचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरकपारीतली भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या डोंगराचे वर्णन करते आणि नायिकेचा हात पाहून भाकीत सांगते. सरफोजींनी त्या स्त्रीच्या तोंडी पृथ्वीचा नवा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र यांची नावे ती मराठी पदांतून गात जाते. तमिळ साचा, मराठी बोल आणि युरोपातून आलेले ज्ञान यांचा असा मेळ त्या काळच्या पुण्यात शोधून सापडणार नाही.

इतके सगळे उभे राहिले ते एका राजाच्या खाजगी खोल्यांत, आणि त्याचे भवितव्यही त्या घराण्याच्या भवितव्याशी बांधलेले होते. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ च्या ऑक्टोबरमध्ये मरण पावले. त्यांना मुलगा नव्हता. कंपनीने गादी खालसा केली, आणि एवढ्यावर न थांबता राजवाड्यातील जडजवाहीर, सामान आणि जमिनी यांवरही जप्ती आणली. राज्य संपले तरी खाजगी मालमत्ता आमचीच, असा दावा थोरल्या राणी कामाक्षीबाई साहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात लावला आणि तो तिथे जिंकला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ अपील न्यायालयाने, १८५९ मध्ये तो निकाल फिरवला. राजसत्तेने राजसत्ता म्हणून केलेली ही कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. घराण्याची खाजगी मिळकत राण्यांना परत देण्याचा निर्णय सरकारने १८६२ मध्ये घेतला, पण त्यानंतर वारसांमध्येच वाटणीचे दावे सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले.

त्या काळात ग्रंथ कुलपात होते. ते कोणी चोरले नाहीत की जाळले नाहीत, हे नशीबच म्हणायचे, कारण खटल्यात अडकलेल्या वाड्याचे पुढे काय होते हे आपण आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांत पाहिले आहे. त्याच वर्षांत तंजावरात न्यायाधीश असलेल्या बर्नेल या संस्कृतज्ञ इंग्रजाने मद्रास सरकारच्या सांगण्यावरून पोथ्या तपासल्या, आणि १८८० मध्ये लंडनमध्ये छापलेल्या त्याच्या वर्गीकृत सूचीमुळे हा संग्रह जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाला. ती सूची संस्कृत पोथ्यांची होती. बर्नेलला जे वाचता येत होते आणि ज्याची त्याला आच होती, ते त्याने नोंदवले. मराठी कागदांच्या बस्त्यांना हात लागला नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही.

भोसले घराण्याच्या वारसांनी आपला हक्क सोडून हा संग्रह सार्वजनिक उपयोगासाठी दिला, आणि १९१८ मध्ये मद्रास सरकारने तो ताब्यात घेऊन सरफोजींच्या नावाने ग्रंथालय म्हणून खुला केला. पुढे तंजावरातल्या काही विद्वान घराण्यांनी आपले संग्रहही त्यात घातले. पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ पासून संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत सिद्ध केली. मराठी व तमिळ हस्तलिखितांच्या सूचीही छापल्या गेल्या. १९८३ मध्ये केंद्र सरकारने या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. आज तिथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते सांगितली जातात. त्यांत बहुतांश संस्कृत आहेत, मराठी तीन हजारांच्या वर आहेत, आणि याखेरीज राजवाड्याच्या दैनंदिन कारभाराचे मोडी लिपीतले कागद आहेत, जे पोथ्यांत मोजले जात नाहीत.

म्हणजे राजा, कंपनी सरकार, न्यायालयाच्या छायेतील वारसदार, प्रांतिक सरकार आणि स्वतंत्र भारतातले राज्य, अशा सर्व प्रकारच्या धन्यांचा अनुभव या संग्रहाने घेतला आहे. राजघराण्यांनीच आपले संग्रह सांभाळावेत, सरकारच्या हाती गेले की सगळ्याची माती होते, असे म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यांनी तंजावरची १८५५ ते १९१८ ही त्रेसष्ट वर्षे नीट पाहावीत. घराणे होते, प्रेम होते, हक्काची जाणीव तर होतीच, पण गादी गेल्यावर आणि वाटण्या सुरू झाल्यावर ग्रंथालय ही एक न विकता येणारी, न वाटता येणारी आणि खर्च मागणारी वस्तू उरते. वारसांनी ती समाजाला देऊन टाकली, हा मला त्या घराण्याच्या इतिहासातला सरफोजींनंतरचा सर्वांत उदार क्षण वाटतो. उलट बाजूचा, म्हणजे सरकारच्या ताब्यात आले की काम झाले असे मानणाराही वर्ग आहे, आणि त्यांची समजूत तितकीच अपुरी आहे. प्रत्येक धन्याच्या हाताखाली तेवढेच उजेडात आले, जेवढे त्या वेळी कोणाला तरी वाचता येत होते. बर्नेलला संस्कृत येत होते म्हणून संस्कृत उजेडात आले. नेत्रतज्ज्ञांना डोळे वाचता येत होते म्हणून डोळे उजेडात आले.

मोडी कागदांची गोष्ट इथे सुरू होते. मोडीचा जुना कागद ज्याने कधी समोर धरलेला नाही, त्याला ही अडचण केवळ लिपी शिकण्याची वाटते. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरू न उचलता त्या रेघेखाली अक्षरामागून अक्षर वळवत जातो. शब्द कुठे संपला हे कळायला जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ‘राजश्री’चा रा., ‘मुक्काम’चा मु॥, ‘सुहूर’चा सु॥ अशी संक्षेपे ओळीओळीला येतात आणि तारीख सुहूर सनात, म्हणजे जुन्या अरबी वळणाच्या कालगणनेत, असते. पहिला कागद मी लावायला घेतला तेव्हा पाच ओळींना एक अख्खी दुपार गेली होती, आणि त्यातही एका गावाचे नाव मी माणसाचे म्हणून वाचले होते. हे सगळे पुण्या-साताऱ्याच्या कागदांबद्दल झाले. तंजावरच्या कागदांत याच्यावर आणखी एक थर आहे. रकमा चक्रम् आणि पणम् या नाण्यांत आहेत, धान्य कलम् या मापात आहे, गावांची नावे तमिळ, सणांची नावे तमिळ, हुद्द्यांत तेलुगू शब्द मिसळलेले, आणि वाक्याची ठेवण दक्षिणेत दोन शतके मुरलेल्या मराठीची. पुण्यात मोडी शिकून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी इथे अक्षर लावेल, पण अर्थापाशी थबकेल. तमिळ अभ्यासकाला अर्थाचा वास येईल, पण अक्षर लागणार नाही.

बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले वंशाचा इतिहास कोरून घेतला, तो देवनागरीत आहे. राजाला लोकांनी आपल्याबद्दल जे वाचावे असे वाटत होते ते दगडावर, सुवाच्य बाळबोधात आले. राजवाडा रोज कसा चालला, कोणाला किती धान्य मिळाले, कोणत्या नर्तकीला काय दिले, कोणत्या वैद्याने कोणते औषध मागवले, हे मोडीत आहे. आपण शिलालेखाचे छायाचित्र काढून परत येतो. म्हणजे राजाने सांगितलेले तेवढेच वाचतो.

आता ‘इकडे आणा’ या मागणीकडे येतो. पहिली गोष्ट अशी की हे कागद तंजावरच्या मातीत, तंजावरच्या लोकांबद्दल, तंजावरच्या पैशातून लिहिले गेले. एखाद्या मोडी हिशेबात ज्या मंदिराचा उल्लेख आहे ते मंदिर तिथे उभे आहे, ज्या अन्नछत्राचा आहे त्याची वास्तू तिथे आहे, आणि त्याच व्यवहाराची तमिळ किंवा इंग्रजी बाजू शेजारच्या कपाटात आहे. भाषेवरून संग्रहाचे तुकडे केले तर शहाजी राजांच्या पाच भाषांच्या नाटकाचे काय करायचे, पाच राज्यांत वाटायचे? दुसरी गोष्ट बोलायला कडू आहे, पण बोलली पाहिजे. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला, कपाटे पाडली, पोथ्या आणि पुस्तके विस्कटून टाकली. ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ते महाराष्ट्रात हवेत, असे म्हणण्याआधी आपण त्या दिवसाची आठवण ठेवावी. तंजावरच्या पोथ्यांनी राज्ये बदलताना पाहिली, भाषिक आंदोलनांची दशके पाहिली, आणि तमिळ समाजाने, तमिळनाडूच्या करदात्यांनी त्या जपल्या. त्यांतल्या ताडपत्रांना कीड लागू नये म्हणून गवती तेलाचा हात देणारी माणसे तमिळ होती. त्यांचे आभार मानायचे सोडून त्यांच्याकडे परतफेड मागणे मला शोभणारे वाटत नाही.

दुसरे उत्तर सध्या फार ऐकू येते. सगळ्याच्या डिजिटल प्रती काढा, संकेतस्थळावर टाका, मग ग्रंथ कुठे आहेत याने काय फरक पडतो? प्रती निघाल्या पाहिजेत, यात वादच नाही, आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनमुळे देशभर त्याला चालनाही मिळाली. परंतु न वाचता येणाऱ्या कागदाचे चित्र हे न वाचता येणारे चित्रच असते. ज्या रुमालात काय आहे हे कोणी नोंदवलेले नाही, त्याची हजार पाने पडद्यावर आली तरी शोधायचे काय आणि कुठे, हे कळत नाही. आधी कोणीतरी रुमाल सोडून, कागद उलगडून, हा अमुक सालचा अमुक खात्याचा हिशेब आहे असे लिहून ठेवावे लागते. मोडी वाचणारी यंत्रे तयार होत आहेत, असेही सांगितले जाते. त्यांना शिकवायलासुद्धा आधी माणसाने बिनचूक वाचलेले हजारो कागद लागतात, आणि चक्रम्-पणम्‌ची भानगड माणसाला कळल्याशिवाय यंत्राला कळणार नाही.

तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात निवडक मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह प्रसिद्ध केले. मराठीत लिहिलेला दस्तऐवज आज तमिळ वाचक तमिळमध्ये वाचू शकतो, आणि मराठी वाचकाला तो हवा असेल तर त्याने आधी तमिळ शिकावे, अशी ही परिस्थिती आहे. मला याचे वैषम्य वाटते, पण रोख तमिळ अभ्यासकांवर अजिबात नाही. त्यांनी आपले काम केले. आपण आपले केले नाही.

महाराष्ट्राने काय करावे, हे मग सरळ सांगता येते. राज्याचा मराठी भाषा विभाग आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, मोडीची परीक्षा घेणारे पुराभिलेख संचालनालय आहे. यांनी मिळून, तमिळनाडू शासन आणि ग्रंथालय यांच्या संमतीने, तंजावरात राहून काम करणाऱ्या मोडी वाचकांच्या काही जागा स्वतःच्या खर्चाने निर्माण कराव्यात. निवड झालेल्यांना पहिले वर्ष तमिळ शिकायला द्यावे, आणि ते वर्ष वाया गेले असे कोणी समजू नये. नेमणूक किमान पाच वर्षांची असावी, कारण सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला माणूस अक्षर ओळखीचे होईपर्यंत परत निघतो. त्यांनी वाचलेला प्रत्येक कागद बाळबोधात, तमिळ सारांशासह, दोन्हीकडच्या वाचकांना मोफत मिळावा. मूळ कागद एक इंचही हलू नये.

परराज्यातल्या संस्थेवर महाराष्ट्राच्या करदात्यांचा पैसा का खर्च करावा, हा आक्षेप येईलच, आणि तो फुटकळ म्हणून झटकता येणार नाही. आपल्याकडच्याच पेशवे दप्तरातले कोट्यवधी मोडी कागद वाचकांची वाट पाहत आहेत, मग आधी घरचे पाहावे, असे प्रामाणिक माणूसही म्हणेल. माझे उत्तर असे की घरचे आणि दारचे ही विभागणी आपण स्वतःच सोडून दिली आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला एक, जिंजी, तमिळनाडूत आहे, आणि त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा भाषेची प्राचीनता आणि तिचा विस्तार यांबद्दल आपण अभिमानाने बोललो. किल्ला आपला म्हणताना नकाशा आड येत नाही आणि कागद वाचायची वेळ आली की नकाशा आठवतो, हे बरोबर नाही. शिवाय खर्च म्हणाल तर तो अगदी थोडा आहे. दहा वाचकांचा वर्षाचा पगार म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या पुतळ्याच्या चौथऱ्याइतकाही होणार नाही.

यात तंजावरात आणि आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विसरता कामा नये. साडेतीन शतके झाली, ती घरात एक वेगळीच मराठी बोलतात. तिच्यात आपल्याकडे विसरलेले जुने शब्द आहेत आणि तमिळची लय आहे. इकडून गेलेला पाहुणा ती ऐकून कधी कौतुक करतो, कधी ‘शुद्ध’ करून सांगतो. मोडी कागदांतली मराठी समजायला याच बोलीचा सर्वांत जास्त उपयोग आहे, आणि म्हणून वाचकांच्या जागांवर पहिला हक्क तिथल्या मुलामुलींचा असावा. त्यांना तमिळ वेगळे शिकवावे लागणार नाही. मोडी मात्र शिकवावी लागेल, कारण ती त्यांच्या शाळेत कधी नव्हती. आपल्याकडे ती गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत होती आणि नंतर आपणच ती काढून टाकली.

सुरुवात कुठून करावी, असे मला कोणी विचारले तर मी छत्रांच्या हिशेबांचे नाव घेईन. राजांच्या वंशावळी आणि लढाया यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. छत्रे म्हणजे रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी बांधलेली अन्नछत्रे. तिथे वाटसरूंना जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, काही ठिकाणी मुलांना शिक्षणही मिळे. सरफोजींनी आपली सहचरी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ ओरत्तनाडूला असे छत्र उभारले, त्याची वास्तू आजही आहे. अशा एका छत्राच्या एका वर्षाचे हिशेब जरी कोणी ओळीने वाचले, किती कलम् भात शिजला, दुष्काळाच्या महिन्यात तो आकडा कुठे गेला, कोणत्या जातीची माणसे कोणत्या पंगतीला बसली, बाळंतीण वाटसरू आली तर तिला किती दिवस ठेवून घेतले, तर एका मराठी राजाने तमिळ मुलुखात कारभार कसा केला हे आपल्याला त्याच्या शिलालेखाबाहेर पहिल्यांदा कळू लागेल.